कापडाचा अनुवादक शोधताना: इंग्रजीकडून मॅसेडोनियनकडे

(भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय वाचून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. मॅसेडोनियन? तेही कपड्यांबद्दल? (हशा) पण त्यामागे एक साधा प्रश्न आहे. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "मॅडम, स्कोप्येच्या गिऱ्हाइकाला लेबल त्यांच्या भाषेत हवंय. इंग्रजीवरून करून देणारा कुणी माहीत आहे का? दोन नावं द्या, मी फोन करतो." मी म्हटलं, नावं देता येतील, पण दोन नावांतलं कुठलं घ्यायचं हे तुम्ही कसं ठरवणार? ती भाषा तुम्हाला वाचता येत नाही, मलाही येत नाही. मग पारख कशी करायची? आजचा तास त्यासाठी आहे.

आधी देश आणि भाषा थोडक्यात. उत्तर मॅसेडोनिया, लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत साधारण साडेअठरा लाख. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. 1991 पर्यंत युगोस्लाव्हियाचा भाग होता. ग्रीसबरोबर नावावरून वाद होता, तो 2018 च्या प्रेस्पा कराराने मिटला आणि 2019 पासून देशाच्या नावात 'उत्तर' आलं. भाषेचं नाव मात्र 'मॅसेडोनियन' असंच राहिलं. ही दक्षिण स्लाव्ह भाषा, सिरिलिक लिपीत लिहितात, 31 अक्षरं. वर्णमाला आणि लेखनाचे नियम 1945 साली ठरले. ब्लाझे कोनेस्की यांचं व्याकरण 1952 आणि 1954 मध्ये दोन भागांत आलं. म्हणजे प्रमाण लेखी भाषा म्हणून ही तरुण आहे, आणि तिच्यातली कारखान्याची परिभाषा त्याहून तरुण. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिली चूक, जी जवळजवळ सगळे करतात. एजन्सीला फोन केला की तिकडून उत्तर येतं, "मॅसेडोनियन नाही, पण बल्गेरियन आहे, जवळजवळ तेच." किंवा "सर्बियन आहे, चालेल ना?" हे राजकीयदृष्ट्या नाजूक आहे, कारण बल्गेरियाची अधिकृत भूमिका मॅसेडोनियनला वेगळी भाषा मानत नाही, आणि त्यावरून 2020 साली त्या देशाची युरोपीय संघाशी व्हायची बोलणी अडली होती. स्कोप्येच्या दुकानात बल्गेरियन वळणाचं लेबल लागलं तर ग्राहक ते नुसतं चुकीचं समजणार नाही, त्याला ते लागेल. पण राजकारण बाजूला ठेवू. आपण कपाट उघडून बघू.

ड्रेस. मॅसेडोनियनमध्ये 'फुस्तान'. बल्गेरियनमध्ये 'रोक्ल्या'. सर्बियनमध्ये 'हाल्यिना'. तीन शेजारी, तीन शब्द. शर्ट: मॅसेडोनियनमध्ये 'कोशुला', बल्गेरियनमध्ये 'रिझा'. बूट: 'चेवली', 'ओबुव्की', 'त्सिपेले'. रेशीम: मॅसेडोनियन 'स्विला', बल्गेरियन 'कोप्रिना'. कापूस मात्र तिघांकडे 'पामुक', तुर्कीतून आलेला. आणि आता गंमत. कोटाच्या आतलं कापड, आपलं अस्तर. बल्गेरियनमध्ये त्याला 'हास्तार' म्हणतात. ऐकू आलं का? अस्तर, हास्तार. फारसीतून तुर्कीत, तुर्कीतून बाल्कनमध्ये; आणि फारसीतूनच इकडे मराठीत. पण मॅसेडोनियनच्या प्रमाण भाषेत लेबलवर अस्तराला 'पोस्तावा' लिहितात. म्हणजे ज्या शब्दावर आपल्याला घरचं वाटलं, नेमका तो बल्गेरियन निघाला.

असे आपले पाहुणे त्या भाषेत बरेच आहेत, दोनचार सांगतेच. खिशाला ते 'जेब' म्हणतात. आणि आपला 'खिसा' मूळ फारसी, त्याचाच भाऊ तिकडे 'क्येसे', अर्थ पिशवी. पलंगावरची चादर म्हणजे 'चार्शाव', मूळ फारसी 'चादर' आणि 'शब', रात्रीची चादर. शिंप्याला जुना शब्द 'तेर्झिया', आपला हिंदी दर्जी. पायजम्याचे 'पिझामी'. आणि 'शाल'! पण इथे सावध राहा. मॅसेडोनियनमध्ये 'शाल' म्हणजे गळ्याभोवती गुंडाळायचा मफलर. आपल्या सत्काराची शाल त्या नावाने विकायला ठेवलीत तर गिऱ्हाईक विचारेल, एवढा मोठा मफलर कशाला? (हशा)

तर, पहिली अट: अनुवादकाची मातृभाषा मॅसेडोनियन, आणि तो सध्या तिथे राहतो किंवा तिथे नियमित काम करतो. दुसरा भाग मुद्दाम सांगते. मेलबर्नला मॅसेडोनियन लोकांची मोठी वस्ती आहे, ऑस्ट्रेलियात या भाषेच्या अनुवादकांना रीतसर प्रमाणपत्रही मिळतं. चांगले लोक आहेत. दवाखाना, सरकारी पत्र, कोर्ट यासाठी उत्तम. पण चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या माणसाच्या तोंडी आजच्या दुकानातला शब्द असेलच असं नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या मावशी अजून 'परकर-पोलकं' म्हणतात, तसं. प्रेमाने म्हणतात, पण त्यावर कॅटलॉग नाही निघत.

आता मुख्य गोष्ट. 'फॅशन आणि कापड' असं एकच खातं आपण करतो, अनुवादकांच्या याद्यांमध्येही तो एकच चौकोन असतो, टिचकी मारली की झालं. प्रत्यक्षात त्यात निदान चार वेगवेगळी कामं आहेत आणि एक माणूस चारही क्वचितच करतो.

एक, दुकानाचं लिखाण: कॅटलॉग, जाहिरात, वेबसाइट. इथे लिहिता हात हवा. दोन, लेबल आणि काळजीच्या सूचना. देशात विकायच्या मालावर मॅसेडोनियन भाषेत माहिती लागते, त्याला तिथे 'देक्लारात्सिया' म्हणतात. इथे लिहिता हात नको, शिस्तीचा हात हवा. तीन, संग्रहालयाचं काम. पारंपरिक पोशाखाला तिथे 'नोसिया' म्हणतात, भरतकामाला 'वेझ'. नोसियातला कमरेखालचा पदर 'स्कुतिना', आणि स्वयंपाकघरातला एप्रन 'प्रेस्तिल्का'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. संग्रहालयवाल्याला फॅक्टरीचा अनुवादक दिला तर लग्नाच्या पोशाखावर स्वयंपाकाचा एप्रन येतो. आणि चौथं काम, ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं आणि जे सगळ्यात मोठं आहे: कारखान्याची कागदपत्रं.

त्यावर जरा थांबते.

पूर्व मॅसेडोनियात श्तिप नावाचं शहर आहे. युगोस्लाव काळात तिथे 'मॅकेडोन्का' नावाचा मोठा सुती कापडाचा कारखाना होता, पश्चिमेला तेतोवोत 'तेतेक्स' हा लोकरीचा. देश स्वतंत्र झाल्यावर मोठे कारखाने खचले आणि त्यांच्या जागी लहानमोठ्या शिवणकामाच्या कार्यशाळा आल्या. पश्चिम युरोपातले, विशेषतः जर्मनीतले ब्रँड कापड, दोरा, बटणं, नमुने सगळं पाठवतात. इथे कापायचं, शिवायचं, परत पाठवायचं. मजुरी तेवढी देशात राहते. याला तिथे 'लोन' पद्धत म्हणतात. कर्जाचं लोन नव्हे! जर्मन शब्द, अर्थ मजुरी. इचलकरंजीच्या लोकांना सांगायला नको, आपलं जॉबवर्क.

आता विचार करा, या पद्धतीत काय वाहतं? कापडाबरोबर कागद वाहतो. प्रत्येक मॉडेलबरोबर मापांची, शिवणीची, टाक्यांची, इस्त्रीची, घडीची सूचनापुस्तिका येते, इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये. ती वाचून शिवणारी बाई इंग्रजी वाचत नाही. तिची भाषा वेगळीच मिश्रण आहे: कापडाला 'श्तोफ', शिंप्याला 'श्नायदर', दोन्ही जर्मनमधून आलेले, कॉलरला 'याका', तुर्कीतून, आणि दोऱ्याला 'कोनेत्स', सुईला 'इग्ला', हे स्लाव्ह. पुस्तकी शब्दकोशात पाहून केलेला अनुवाद तिच्या मशीनजवळ पोचत नाही. अनुवादकाला तिची भाषा माहीत पाहिजे.

इंग्रजीच्या बाजूनेही खड्डे आहेत. कापडाला इंग्रजीत 'फॅब्रिक'. मॅसेडोनियनमध्ये 'फाब्रिका' म्हणजे कारखाना. नवखा माणूस इथे हमखास पडतो. 'पॅटर्न' म्हणजे कापण्याचा कागदी नमुना, 'क्रोय'. की कापडावरची नक्षी, 'देझेन'? 'व्हेस्ट' लंडनमध्ये बनियन, न्यूयॉर्कमध्ये बिनबाह्यांचं जाकीट. 'शेल' म्हणजे शिंपला नव्हे, जॅकेटचं बाहेरचं कापड. 'नॅप' म्हणजे डुलकी नव्हे, मखमलीवरच्या लवेची दिशा. ती उलटसुलट झाली की एकाच कोटाचे दोन भाग दोन रंगांचे दिसतात. ही चूक कागदावर एका शब्दाची असते. कापण्याच्या टेबलावर कापडाचे थरावर थर असतात, सुरी एकदाच फिरते. 'लोन' पद्धतीत कापड दुसऱ्याचं असतं, म्हणजे भरपाई कुणाच्या खिशातून जाते ते कळलंच असेल.

पण यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरीच आहे. ब्रँड कारखान्याला नुसत्या मापांचे कागद पाठवत नाहीत, आचारसंहिताही पाठवतात. कामाचे तास, जादा काम, आगीपासून सुरक्षितता. ती भाषांतर करून भिंतीवर लावायची असते. इंग्रजीत असतं, आणीबाणीचा दरवाजा कामाच्या वेळेत लॉक केला जाणार नाही, तिथे ते लोक 'शॅल नॉट' वापरतात. मॅसेडोनियनमध्ये याचे दोन अनुवाद होऊ शकतात. एक 'ने त्रेबा', दुसरा 'ने स्मेए'. 'ने त्रेबा' म्हणजे करू नये, किंवा संदर्भाने, करायची गरज नाही. 'ने स्मेए' म्हणजे करता कामा नये, मनाई आहे. मराठीत बघा: "कुलूप लावायची गरज नाही" आणि "कुलूप लावता कामा नये". पहिल्या वाक्यावर मुकादम म्हणेल, गरज नाही ना, पण लावलं तर काय बिघडलं? माल चोरीला जातो म्हणून लावतो. जादा कामाचंही तसंच. त्याला तिथे 'प्रेकुव्रेमेना राबोता' म्हणतात. ते कामगाराच्या मर्जीने असलं पाहिजे, हे बंधन म्हणून लिहिलंय की सदिच्छा म्हणून, हे एका क्रियापदावर ठरतं. 'मोरा' म्हणजे केलंच पाहिजे, 'त्रेबा' म्हणजे करायला हवं. बाईंनी बोट ठेवून दाखवायचं झालं तर त्या भिंतीवरच्या शब्दावरच बोट ठेवणार ना? म्हणून मी म्हणते की आचारसंहितेच्या अनुवादाला जाहिरातीच्या अनुवादापेक्षा जास्त पैसे द्या. प्रत्यक्षात लोक उलटं करतात.

आणि भिंतीवर लावायचंच आहे तर आधी विचारा, वाचणारे कोण? तेतोवोच्या बाजूला बहुसंख्य अल्बेनियन बोलणारे आहेत. नुसतं मॅसेडोनियन करून भागणार नाही. देशात रोमा लोकही बरेच आहेत, आणि जाता जाता सांगते, त्यांची रोमानी भाषा आपल्या घराण्यातली, भारतीय-आर्य. एक-दोन-तीन मोजायला लागले की कान टवकारतात: 'येक, दुई, त्रिन'.

बरं, मग पारख कशी करायची? मी काय करते ते सांगते.

दीडशे शब्दांचा एक उतारा द्यायचा, पैसे देऊन. फुकट नमुना मागू नका, चांगली माणसं फुकट करत नाहीत आणि करूही नये. त्या उताऱ्यात आत्ता सांगितलेले खड्डे मुद्दाम ठेवायचे: फॅब्रिक, पॅटर्न, व्हेस्ट, शेल, नॅप. आणि अनुवाद बघायच्या आधी त्यांचे प्रश्न बघायचे. "व्हेस्ट ब्रिटिश की अमेरिकन? चित्र आहे का?" असं विचारणारा माणूस मला हवा असतो. एकही प्रश्न न विचारता संध्याकाळी फाइल परत देणारा नको. ही पारख भाषा न येताही करता येते, आणि माझ्या अनुभवात ती फसलेली नाही.

दुसरी चाचणी, रंगांची. हे मराठी माणसाला लगेच कळेल, इंग्रजी माणसाला समजवावं लागतं. आपण म्हणतो काळा सदरा, काळी साडी, काळं जाकीट. मॅसेडोनियनमध्ये अगदी तसंच: 'त्सर्न फुस्तान', 'त्सर्ना कोशुला', 'त्सर्नो पाल्तो', आणि अनेकवचनी 'त्सर्नी पांतालोनी'. आता वेबसाइटवाले अनुवादकाला काय देतात? एक्सेलची शीट, त्यात एका ओळीत नुसतं 'ब्लॅक'. कशाचं ब्लॅक? जो अनुवादक विचारतो, त्याला काम द्या. जो गप्प 'त्सर्न' लिहून मोकळा होतो, त्याच्या दुकानात "काळा साडी" विकली जाणार. 'बेझ' आणि 'काकी' हे रंग मात्र लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. आपली खाकीसुद्धा बदलत नाही, खाकी सदरा, खाकी टोपी.

तिसरी, अक्षरांची. मॅसेडोनियनमध्ये काही अक्षरं अशी आहेत जी बल्गेरियन, रशियन, सर्बियन लिपीत नाहीत. त्यातली दोन म्हणजे नेहमीच्या 'ग' आणि 'क' वर तिरकी खूण. फॉन्टमध्ये ती नसली की खूण गळते किंवा चौकोन उमटतो. ब्लँकेटला तिथे 'क्येबे' म्हणतात, पहिलंच अक्षर खुणेचं. खूण गळली की 'केबे', आणि असा काही शब्दच नाही. माझ्या हातून एकदा हे झालं आहे. अनुवाद बरोबर होता, तपासलेला होता, छपाईच्या फाइलमध्ये फॉन्ट बदलला गेला आणि मी शेवटचा पुरावा अनुवादकाला पाठवला नव्हता. घाई होती. लेबलं परत छापली, खर्च मी सोसला. तेव्हापासून छापायला जायच्या आधीचं पान अनुवादकाकडे जातंच, आणि त्याचे वेगळे पैसे ठरवलेले असतात.

माणसं शोधायची कुठे? स्कोप्येच्या सिरिल आणि मेथोडियस विद्यापीठात भाषाशास्त्राची शाखा आहे, तिला ब्लाझे कोनेस्कींचंच नाव आहे, तिथे अनुवादाचं शिक्षण मिळतं. श्तिपला 2007 साली गोत्से देल्चेव विद्यापीठ सुरू झालं, आणि तिथे भाषांची शाखा आणि तंत्रज्ञानाची शाखा, ज्यात कापडाचा विषय येतो, दोन्ही आहेत. कापडाच्या शहरात. मी शोध तिथून सुरू करेन. भाषेच्या शाखेतला एक आणि कारखान्यात नमुने कापलेला एक, अशी जोडी लावायची. आयएसओ 17100 हे अनुवादसेवेचं मानक आहे, त्यातही दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून तपासणं बंधनकारक आहे. मी फक्त एवढं म्हणते की तो दुसरा माणूस कापडातला असू द्या.

अजून एक. कित्येकांना वाटतं शिक्केवाला अनुवादक म्हणजे श्रेष्ठ. तिथे न्यायालयीन अनुवादक असतात, 'सुद्स्की प्रेवेदुवाच', त्यांना शिक्का असतो. करार, कोर्टाचे कागद यांना तो लागतो. टॉवेलच्या लेबलला लागत नाही. शिक्का त्याच्या अधिकाराचा आहे, अस्तराच्या ज्ञानाचा नव्हे.

प्रश्न: मॅडम, मशीनने का करू नये? आता तर सगळं होतं.

होतं, मीही वापरते. पण मशीन शिकतं कशावर? एकच मजकूर दोन भाषांत असलेल्या साठ्यांवर. युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषांमध्ये असा प्रचंड साठा वर्षानुवर्षं जमला आहे आणि खुला आहे. बल्गेरियन त्यात 2007 पासून अधिकृत. कापडाच्या तंतूंची नावं आणि लेबल यांचा संघाचा नियम 1007/2011, तो बल्गेरियनमध्ये तयार मिळतो. मॅसेडोनिया 2005 पासून उमेदवार आहे, सदस्य नाही, म्हणून त्याची भाषा त्या 24 मध्ये नाही. साठा लहान, त्यात कापडाचा भाग आणखी लहान. मग शेजारच्या भाषेतला शब्द घुसण्याची भीती वाढते. आणि आपल्याला तो ओळखू येणार नाही, कारण लिपी तीच दिसते. मशीनचा मसुदा जरूर काढा, पण तो तपासणाऱ्याला सांगा की मशीनचा आहे. लपवू नका. तपासायचे पैसे लिहिण्याच्या जवळपास लागतील.

प्रश्न: त्या टॉवेलवाल्या गृहस्थांचं काय झालं?

(हशा) हो, ते राहिलंच. त्यांना दोन अनुवादकांकडून नमुना आला. टॉवेलला एकाने 'क्र्पा' लिहिलं, दुसऱ्याने 'पेश्किर'. दोन्ही शब्द टॉवेलला चालतात, म्हणून ते माझ्याकडे आले, कुठला बरोबर? मी दोघांनाही तेच विचारायला सांगितलं. पहिला म्हणाला, दोन्ही एकच. दुसरीने लिहिलं की 'क्र्पा' म्हणजे पुसायचं फडकंही होतं, तुमचा माल कोणत्या दुकानात, कोणत्या किमतीला विकला जाणार आहे ते सांगा, मग ठरवू. त्यांनी काम दुसरीला दिलं.